शिंप्याचं दुकान बंद होतं

लेकीच्या बाबांना,

नमस्कार वगैरे राहू दे. हे पत्र मी पाठवणारही नाही.

तुमची दहावीतली लेक शाळेतून उशिरा येते. विचारलं की म्हणते, "आई, रस्ता चुकले." हेच वाक्य मी वर्षानुवर्षं तुमच्या तोंडून ऐकलंय. काल गुपचूप तिच्या मागे गेले.

कोपऱ्यावरचं शिंप्याचं दुकान, तिची वळायची खूण, बंद होतं. ती शटरसमोर घुटमळली, जागच्या जागी फिरली आणि भलत्याच गल्लीत शिरली. एकटीच. वाट बघणारं कुणी नव्हतं.

आज तिच्या भूमितीच्या सरांना भेटले. म्हणाले, "आकृती फिरवली की तिला ती नवीनच वाटते. मठ्ठ नाही हो ती, काहींना दिशांचा अंदाजच येत नाही. घरात आणखी कुणाला असं होतं का?"

मी आभार मानून निघाले. म्हणजे तुमचंही खरं होतं? की तिच्या खऱ्यात तुमचं खोटंही खपवून घेऊ?

एवढंच सांगा. जिच्याकडे कायमचे राहायला गेलात, तिच्या गल्लीत अशी कोणती खूण होती, की तिथे तुम्ही एकदाही चुकला नाहीत?

तुमच्या लेकीची आई