रक्ताची चिठ्ठी

धसई, ता. मुरबाड
दि. ११ नोव्हेंबर २००३

सौ. रुपावहिनीस चंदाचा नमस्कार.

तू शेणव्याला खुशाल असशील अशी आशा करते. नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय ते कर. तू अक्षरं जुळवत वाचतेस म्हणून मुद्दाम मोठं नि सुटं लिहिते आहे.

इकडे भातकापणी उरकली, झोडणी चालू आहे. वालाला यंदा ओल बरी आहे. माझ्या दोन्ही मुली शाळेत जातात, थोरली तिसरीत. आई मागच्या शिमग्यात गेली. तुला कुणी कळवलं नसेल. कळवणार तरी कोण?

आपल्या गावची चिमी तुमच्या शेणव्याला दिलेली, ती परवा बाजारात भेटली. म्हणाली, रुपाचे आताचे मालक पंढरीभाऊ चांगले आहेत, तिला जपतात. मग म्हणाली, गेल्या साली तिचं सातव्या महिन्यात गेलं, नि आता पुन्हा पाचवा लागलाय. मी भाजी न घेताच घरी आले.

आधी दादाचं लिहिते. वर्ष झालं, तो भिवंडीला जात नाही. पाय फाकवून चालतो, आपटत टाकतो, उंबऱ्यात पडतो. स्वतःचं वय सांगता येत नाही. जन्मभर दुसऱ्याचे माग दुरुस्त केले, आणि आता येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगतो, "भिवंडीला माझे चाळीस माग हायेत. ये, तुला मुकादम करतो." लोक हसतात. तोही हसतो.

आम्हाला वाटलं, बाहेरचं काही लागलंय. भगताकडे चार महिने घालवले. शेवटी मी त्याला ठाण्याला नेलं. डॉक्टरांनी रक्त घेतलं, पाठीतलं पाणी काढलं. मग मला बाजूला बोलावलं.

"यांची बायको कुठे असते?"

"नाय आता. मोडलं ते."

"तिची मुलं मेलेली जन्मली होती का?"

मी मान खाली घातली. ते म्हणाले, "हा आजार दहा-बारा वर्षांपूर्वीचा आहे. संबंधातून लागतो. आधी एक जखम येते, ती दुखत नाही, आपोआप भरते. माणसाला वाटतं गेलं. ते गेलेलं नसतं, आत राहतं. तेव्हाच रक्त तपासलं असतं तर इंजेक्शनांनी बरा झाला असता. आता आम्ही पुढचं थांबवू, पण गेलेलं परत येणार नाही. त्या बाईला शोधा. तिच्याही अंगात असेल."

दादाला विचारलं तर सहज म्हणाला, "हां, आलती ना जखम. रुपा घरात आली त्याच्या दुसऱ्या साली. खोलीवरच्या एकानं पावडर दिली. आठ दिवसात साफ!" त्याला काहीच माहीत नव्हतं, वहिनी. आजही नाही.

इथेच पत्र मिटवणार होते. दोन दिवस हे एवढंच लिहून ठेवलं होतं. तू दादाला दोष दिला असतास, नि मी सुटले असते.

पण मला हे ठाण्याला कळलेलं नाही. मला चौऱ्याण्णवच्या माघातच कळलं होतं.

तुला पाचवा महिना होता. पहिलं सातव्यात गेलेलं म्हणून नर्सबाईंनी तुझं रक्त घेतलं होतं. चिठ्ठी आली ती त्यांनी माझ्या हातात दिली, कारण घरात वाचणारी मी. मला समजावून सांगितलं, "तुझ्या वहिनीच्या रक्तात दोष निघालाय. तो नवऱ्याकडून येतो. महिपतलापण घेऊन ये, दोघांना सुया द्यायच्या. आत्ता दिल्या तर पोटातलं वाचंल. उशीर नको करू, पोरी."

माझं लग्न वैशाखात ठरलेलं होतं. धसईला हे कळलं तर म्हणतील, मुलीचा भाऊ असला, घर असलं. मी रस्ताभर तेवढाच विचार केला. घरी आले तेव्हा तू मला म्हणालीस, "चंदा, चिठ्ठी आली काय गो? काय म्हनतात?" मी म्हटलं, "सगळं बरं हाय." तू हसलीस नि पाणी आणायला गेलीस. मी चिठ्ठी चुलीत घातली.

पंधरा दिवसांनी नर्सबाई बाजारात भेटल्या. "घेतल्या काय सुया दोघांनी?"

मी म्हटलं, "घेतल्या. मुरबाडला जाऊन."

"बरं केलंस," म्हणाल्या. माझ्या पाठीवर हात ठेवला.

ज्येष्ठात तुझी मुलगी झाली. मी सासरहून बघायला आले होते. तिच्या तळहातांची, तळपायांची साल निघत होती. नाक चोंदलेलं, दूध ओढता येत नव्हतं. तू तिला बारशाआधीच सावळी म्हणायला लागलीस. ती नऊ दिवस होती. त्यातले दोन दिवस ती माझ्या मांडीवर होती, नि मला ठाऊक होतं.

मग आई तुला नासक्या कुशीची म्हणाली. मी तिथेच भाकऱ्या थापत होते. थापत राहिले. आईनं तुला माहेरी धाडलं तेव्हा दादा भिवंडीला होता. तो नंतर तुला न्यायला शेणव्याला आला, पण तुझ्या भावानं, सुदामनं, त्याला दारातूनच परत लावलं. त्यानंतर आईनं किती मुली दाखवल्या, तो कुणालाच हो म्हणाला नाही.

वहिनी, हे पत्र मिळेल त्या दिवशी शहापूरच्या सरकारी दवाखान्यात जा. पंढरीभाऊंना घेऊन जा. तिथे सांग, माझी तीन पोरं गेली, माझं रक्त तपासा. नीट नाव घेऊन सांग, गुप्तरोगाची तपासणी करा म्हणून. लाजू नकोस. लाज माझी होती, ती मी तुझ्या पदरात टाकली. अजून वेळ आहे, डॉक्टरांनी तसं सांगितलंय.

माफ कर असं लिहायला मला तोंड नाही.

चिठ्ठी वाचलेली,
चंदा


शेणवा
१९ एप्रिल २००४

चंदाला,

पत्र मिळाल्याला पाच महिने झाले. लिवायचं नव्हतं. पण तू लिवलंस म्हणून एक जीव वाचला, ते न सांगणं बरं नाय.

ह्यांना मीच सांगितलं. दोन दिवस माज्याशी बोलले नाय. तिसऱ्या दिवशी म्हनले, चल. शहापूरला दोघांचं रक्त घेतलं. माज्यात निघालं, ह्यांचं साफ हाय. माला तीन सुया दिल्या, आठवड्याला एक. फाल्गुनात मुलगी झाली. तिचंपण रक्त तपासलं. मोठ्यानं रडते. दूध पिते.

तीन सुया, चंदा. तीन बुधवार. ज्यांना पुरलं त्यांना एवढंच पायजे होतं.

तुझी आई बोलली त्याचा माला राग नव्हता. माला ते खरंच वाटायचं. तुझे दादा न्यायला आले तवा मी आतच होते. सुदामनं येऊन विचारलं, जातेस काय? मीच म्हनले, घालव त्यांना. माज्या कुशीपायी ह्या मानसाचं घर कशाला बुडवू, दुसरी करतील, पोरंबाळं होतील. दाराच्या फटीतून बघितलं, ते एसटीच्या रस्त्यापर्यंत तीनदा मागं वळले.

त्यांना अजून काय कळत असंल तर एवढं सांग. कळत नसंल तर राहू दे.

माला परत लिवू नको.

रुपा