निगेटिव्ह नसलेला फोटो

१२ मार्च १९७३, सोम.
ताईला दवाखान्यातून आणली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, मागेल ते खाऊ घाला. म्हणजे संपलं. सावनेरला स्वतःच्या घरी जायला ती तयार नाही, म्हणून माझ्याकडे, महाल भागात. दुकानामागची खोली दिली. भाऊजी पिशवी ठेवून उभ्या उभ्या परत गेले. ताईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कुसुमने बौद्ध मास्तराशी लग्न केलं, भाऊजींनी जित्या पोरीच्या नावाने आंघोळ केली, तिचे फोटो चुलीत घातले. तेव्हापासून नवराबायकोत बोलणं नाही. एका घरात, एका चुलीवर.

१४ मार्च, बुध.
ताई म्हणते फोटो काढ. जन्मात पहिल्यांदा. चेहऱ्यावर देवीचे वण, म्हणून लग्नातही पदर ओढून बसली होती. भाऊ फोटोग्राफर आणि बहिणीचा एक फोटो नाही.
"एकच काढ. कुसुमसाठी. आन् ते काळी पट्टी राह्यते ना तुह्यापाशी, ज्याच्यावरून आनखी निंगतात, ते राहू देऊ नोको."
म्हटलं, निगेटिव्ह फाडून टाकीन.
"तू? ते आले, हात जोडले, का तू काढून देशीन. मंग मोठा करतीन, भितीवर लावतीन, हार घालतीन. जेथून माही पोरगी हाकलली तेथच्या भितीवर मले टांगू नोको, बापू."
ती मला ओळखते.

१५ मार्च, गुरु.
मला काम शिकवणारे उस्ताद कचेरीसमोर बसायचे तेव्हा कधीकधी थेट कागदावर फोटो करायचे. फिल्मच नाही. कागद कॅमेऱ्यात घालायचा. पहिल्या डेव्हलपरमध्ये चित्र उलटं येतं, काळ्याचं पांढरं. ते तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, पाण्यात विरघळवायचं, मग कागदाला उजेड दाखवायचा आणि परत डेव्हलपर. उरलेलं सगळं काळं होतं, चित्र सुलटं. एकच प्रत. दुसरी निघत नाही.
मी पाहिलेलं, केलेलं नाही. उस्ताद गेले. विचारणार कोणाला.
जुना लाकडी कॅमेरा माळ्यावरून उतरवला. त्याच्या चामडी भात्याला छिद्रं, काळं कापड चिकटवलं. बॅटरीवाल्याकडून तेजाब, औषधाच्या दुकानातून परमँगनेट.

१८ मार्च, रवि.
आधी मडक्यावर करून पाहिलं. सगळं काळं. परत. सगळं पांढरं. परत. मडकं आलं, पण राखेत बुडवल्यासारखं. पांढरा कुठेच स्वच्छ नाही.
ताईला आज भात उतरला नाही. ताक दिलं.

२१ मार्च, बुध.
मडकं जमलं. हुरूप आला, म्हणून दुपारी ताईला अंगणात सावलीत बसवलं. कागद मंद, फिल्मसारखं झटकन नाही. हलू नको म्हटलं. बिचारी श्वास धरून बसली, आणि खोकला आला.
फोटोत लुगडं स्पष्ट, मागची भिंत स्पष्ट, चेहरा म्हणजे धूर.
मी लपवत होतो, तिने मागून घेतला. "हे कोन गा?" म्हणे. हसली. हसताना पोट धरावं लागतं तिला.

२५ मार्च, रवि.
न खोकता बसली. आला. पण कागदाला लाल रंग दिसत नाही, लाल म्हणजे काळा. कुंकू काळं, ओठ काळे, कातडी रापलेली आणि देवीचा वण न् वण खोदल्यासारखा. फिल्मवर इतके आले नसते. फिल्मवर थोडं झाकता आलं असतं, निगेटिव्हला पेन्सिल लावून. इथे काही लावायची सोय नाही.
दाखवला नाही. बिघडला म्हणून सांगितलं.

२९ मार्च, गुरु.
कुसुमला भिलाईच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र परत आलं. पत्ता सोडून गेले, असा शेरा. ताईला सांगितलं नाही. ती रोज विचारते, "आलं का गा काही?" मी म्हणतो, पोस्टात उशीर होऊन राहिला.
सुया आता परिचारिका येऊन देते. त्यानंतर दोनेक तास ताई बरी असते. फोटो काढायचा तर तेवढ्यातच.

२ एप्रिल, सोम.
ऊन चढलं. नळाचं पाणीच गरम. आज बसणं चांगलं झालं होतं, पहिल्या डेव्हलपरमध्येच कळलं होतं की हा जमणार. तेजाबाच्या पाण्यात टाकला आणि कागदावरचा थर सायीसारखा सुटला. ताईचा चेहरा सुरकुतला, कागदावरून सरकला, ट्रेमध्ये वेगळा तरंगत राहिला. बोटाने धरायला गेलो तर फाटला.
तिथेच बसून राहिलो. गिऱ्हाईक बाहेर हाका मारत होतं.

३ एप्रिल, मंगळ.
नाही जमणार. ताईला म्हटलं, फिल्मवर काढू, तुझ्यासमोर जाळतो निगेटिव्ह.
"काहून? थकला का?"
"हो."
"मी पन थकली," म्हणे. "पन तू हट्ट धरून राहिला म्हनून मी बसून राहिली. रोज वाट पाहतो मी, केव्हा हाक मारतं तू म्हनून. नाही तं खाटेवर पडून काय पाहू?"
बर्फ आणला.

५ एप्रिल, गुरु.
झाला.
ट्रे बर्फाच्या परातीत. कागदाला आधी किंचित उजेड दाखवून घेतला, त्याने काळं-पांढरं मऊ पडलं. चेहऱ्यावर उजेड परतावा म्हणून समोर पांढरी चादर धरायला शेजारच्या काकूंना उभं केलं. एकेका पाण्यातून काढून कागद परत उजेडात आणला, दुसऱ्या डेव्हलपरमध्ये सोडला, आणि पांढऱ्या कागदातून ताई हळूहळू वर आली. आधी डोळे.
वण आहेत. सगळे आहेत. पण तो ताईचा चेहरा आहे.
एकच खोट. थेट कागदावर चित्र उजवं-डावं पलटतं. डाव्या नाकपुडीतली चमकी उजवीकडे गेली. मी सांगून टाकलं, लोकांना तू अशी दिसत नाहीस.
तिने बराच वेळ पाहिला. "मले तं अशीच दिसते मी, आरशात." मग म्हणाली, "पोरगी झाली तवा आईनं पाहून म्हनलं होतं, तुह्यासारखी नाही, नशीब. मले तवा लई बरं वाटलं होतं. आता वाटते, थोडी तरी माह्यासारखी असती."
फोटो कागदात गुंडाळून उशाखाली घेतला.

८ एप्रिल, रवि.
ताई गेली. सकाळी. पाणी मागितलं, मी आणेपर्यंत...
मास्तराच्या भिलाईतल्या शाळेच्या पत्त्यावर कुसुमला तार केली. कोणाला मिळेल कोणास ठाऊक.
उशाखालून फोटो काढून घेतला. भाऊजी यायच्या आत.

१० एप्रिल, मंगळ.
तारेला उत्तर नाही. अस्थी रामटेकला, अंबाळा तलावात. भाऊजी पाण्यात उभे राहिले ते निघेचनात. दंडाला धरून बाहेर आणलं.

१४ एप्रिल, शनि.
भाऊजी दुकानात आले. बाकावर बसले. चहा घेतला नाही.
"गणपत, तिचा एखादा फोटो असन तुह्यापाशी."
"नाही."
"लग्नातला? घोळक्यातला?"
"तोंड झाकलं होतं, भाऊजी."
मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मले तिचं तोंड आठवून नाही राहिलं. पाठ आठवते. चुलीपाशी बसलेली. इतकी वर्सं पाठच पाह्यली म्या." आणि माझ्यासमोर रडले. हा माणूस पोरीचे फोटो जाळताना हललाही नव्हता, मी होतो तिथे.
"तेरवीले पाटावर काय ठेवू? नुसता नारळ?"
मी म्हटलं, पाहतो.
का म्हटलं?

१६ एप्रिल, सोम.
ताई चुकली एका गोष्टीत. निगेटिव्ह नसलं तरी फोटोचा फोटो काढता येतो. मला ठाऊक होतं, तिला मी सांगितलं नव्हतं. ती सुखाने गेली त्यात.
सकाळी फोटो फळीवर लावला. कॅमेऱ्यात फिल्म. फोकस केलं. कॅमेऱ्यामागच्या काचेवर ताई उलटी लटकलेली. बाहेर येऊन चहा पिऊन आलो. परत आत गेलो, फोटो काढून ठेवला. दुपारी परत लावला. परत काढला.
भाऊजींचं खोटं नव्हतं रडणं. तेच नडतं आहे.

१८ एप्रिल, बुध.
भाऊजींचा माणूस निरोप घेऊन आला: परवा तेरवी, उद्या दुपारी स्वतः येतो, काही झालं का? मी म्हटलं, होऊन राहिलं आहे.
ते समोर येऊन बसले, परत रडले, तर मी देणार. ताई बरोबर बोलली होती.

१९ एप्रिल, गुरु.
दुकानाला कुलूप. शेजारच्या काकूंना सांगितलं, भाऊजी आले तर म्हणा फोटो नाही, गणपत गावाला गेला. काकू म्हणाल्या, "बहिणीच्या तेरवीले नाही राह्यत का?"
भिलाईला जाणारी सकाळची पॅसेंजर. फोटो कागदाच्या रिकाम्या डब्यात, मांडीवर. शाळेत विचारायचं, मग वस्तीत विचारायचं. मास्तराचं पूर्ण नावही मला नीट माहीत नाही. आडनाव तरी बरोबर आहे का? ते भिलाई सोडून कुठेही गेले असतील. सापडणार नाही असंच वाटतं. सापडली तरी आई गेली हे मलाच सांगावं लागणार. आणि परत आलो की भाऊजी बाकावर असतील.
गोंदियाला गाडी बरीच थांबली. समोरची बाई पोरांना मुरमुरे देऊन राहिली, मलाही मूठभर दिले. डब्याकडे पाहून म्हणाली, "मिठाई होय का? कोनाकडे चालले?"
"भिलाईला, भाचीकडे."
"पत्ता हाय ना? लई मोठं गाव आहे ते."
हो म्हटलं.