पोटावरचं माप

१२ मार्च
मूत्राशय काढून तीन महिने झाले. आज तपासणी. पोटावर लघवीसाठी केलेलं तोंड, त्यात डॉ.नी करंगळी घालून पाहिली. जेमतेम नख गेलं.
"आवळत चाललंय. दोन महिने बघू. नाहीतर पुन्हा ऑपरेशन."
पुन्हा त्या टेबलावर? सरळ लिहितो, घाबरलो.

१३ मार्च
सिस्टरनी लघवीच्या पिशवीची पोटाला चिकटणारी चकती काढून मापाची पट्टी लावली. तोंड बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत २८ मिमी., चकतीला मी कापलेलं भोक ३८!
"काका, मधल्या उघड्या कातडीवर लघवी साचते, ती सुजते, मग तोंड आवळतं. हे माप कधीचं?"
डिसेंबरचं. पुठ्ठ्याचा साचा करून ठेवलेला, दर वेळी त्यावरच कापत होतो. ऑपरेशनची सूज उतरली, तोंड बारीक झालं, मी आपला जुन्या मापावर. चाळीस वर्षं रामआळीत टेलरिंग केलं, जुन्या गिऱ्हाइकालाही टेप लावल्याशिवाय कात्री धरली नाही...
ही रिक्षात म्हणाली, "लोकांच्या पँटींना नवीन माप, नि स्वतःच्या पोटाला जुनं! काय बोलायचं हो तुम्हाला?"
घरी आल्यावर आधी टेप शोधली.

१४ मार्च
साचा फाडला. नवीन माप, भोवती फक्त दोन मिमी. जास्त. कात्री एकदाच फिरवली, भोक गोल. शाब्बास.

२ एप्रिल
सिस्टरनी सांगितल्याप्रमाणे व्हिनेगर-पाण्यात भिजवलेली कापडाची घडी रोज. तोंडाभोवती साचलेली लघवीतल्या क्षारांची पांढरी कचकच गेली. पाणी प्या, पाणी प्या करून हिने जीव खाल्लाय. पिशवी नऊ दिवसांत एकदाही गळली नाही! संध्याकाळी भाट्याच्या समुद्रावर चालून आलो, पांढरी पँट घालून. मुद्दाम.

१३ मे
करंगळी गेली! आख्खी! डॉ. म्हणाले, "ऑपरेशन रद्द." मी टेबलावरून उतरलो तो राजासारखा. ही बाहेर बाकावर रडत होती, वर मलाच म्हणते, "हसताय काय?" येताना हापूसची पेटी.
सिस्टर म्हणाल्या, "नवीन पेशंटना माप घ्यायला शिकवाल?" शिकवाल काय, उद्यापासून!

९ जून
पहिलं गिऱ्हाईक गुहागरचं, बोटीवरचा खलाशी. म्हणाला, "काका, एक साचाच करून द्या ना. दर टायमाला कोण मोजीत बसणार?"
टेप त्याच्या हातात दिली. "तू."
घरी येऊन स्वतःचं घेतलं. २७. दोनदा घेतलं, २७च. सूज उतरतेय की पुन्हा आवळतंय? सोमवारी सिस्टरना दाखवायचं. आजची चकती २७च्या मापानेच कापली.