जवसाची बरणी

इंझोरी, मंगळवार संध्याकाळ

आज पुण्याहून विकीचा फोन आला. माझा नातू. व्हिडिओवर टोपी घालून बोलत होता. "घरात टोपी काहून रे?" म्हटलं, तेव्हा काढली. कपाळाच्या दोन्ही बाजूंचे केस थेट माझ्यासारखे मागे सरकलेले. सव्वीस वर्षांचं पोरगं, पुढच्या महिन्यात मुलगी पाहायला जायचंय.

मी लगेच सांगून टाकलं, जवसाची चटणी करून ठेवली आहे, बरणी उद्याच पाठवतो, रोज खा, केस गळायचे थांबतील.

हसला. "आबा, तुमी तं जल्मभर जवस खाल्ला. मंग तुमचे केस कुठी गेले?"

डॉक्टरला दाखवलं म्हणे. अंगात काही कमी असेल तर खाण्यानं फरक पडतो, पण हे घराण्यातून आलेलं, ते खाण्यानं थांबत नाही. "बरणी पाठवू नका. इथं जेवाले टाइम नाई."

डॉक्टर खोटं सांगतो असं कसं म्हणू? मी आणि धाकटा भाऊ एकाच ताटात जेवलो. त्याचे केस मरेपर्यंत दाट. तो आईवर गेला, मी बापावर. म्हणजे पोराला हे माझ्याकडूनच गेलं का?

ही गेल्यापासून घरात मी एकटाच. सकाळी जवस भाजला, हात भरून येईपर्यंत कुटला. बरणी पिशवीत बांधलेली आहे, सोडवत नाही. केसांचं मला पटलं. पण चटणी खाल्ली का, एवढं विचारायला तरी रोज फोन करता आला असता.