पाच नंबरचा आलेख

४ मार्च
माझ्या प्रयोगाला आठही जण बसून गेले! आधी अंधारखोलीत अर्धा तास नुसतं बसायचं, मग मंद उजळ चकतीच्या मधोमध पुसटसा ठिपका दिसला की बटण दाबायचं. दादा त्याची बस दुपारनंतर काढतो, म्हणून सकाळी त्यालाही धरून आणला. "अंधारात कोंडायला घरचाच माणूस सापडला का?" म्हणे.
आलेखांवर फक्त नंबर. कोणाचा कुठला, ते प्रयोगशाळेच्या बाईंच्या कपाटात कुलपात. मला माहीत असलं तर आलेख काढताना नकळत हात झुकायचा.

५ मार्च
माझंच खरं! चकती मोठी करत गेलं की ठिपका दिसायला तो जास्त उजळ करावा लागतो — पण एका मापापर्यंतच. त्यापुढे चकती आणखी मोठी केली की तोच ठिपका कमी उजळ असला तरी दिसतो. आमच्या जुनाट यंत्रावर हे दिसायचंच नाही, असं माझे मार्गदर्शक सर छातीठोकपणे सांगत होते. सगळे आलेख चढले आणि उतरले. पाच नंबरचा तेवढा चढून वरच बसला.

६ मार्च
पाच नंबर वगळू या म्हटलं, डुलकी लागली असणार.
"आलेख आवडला नाही म्हणून माणूस वगळायचा नसतो," सर म्हणाले. "बाईंना पुन्हा मोजू दे."
मोजा की.

९ मार्च
बाईंनी आज पुन्हा मोजला. तस्साच! यंत्र ठीक आहे, बाई लगेच स्वतः बसल्या, त्यांचा छान उतरला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. "डोळ्याच्या पडद्यात बिघाड असू शकतो. तपासणी होईपर्यंत या माणसाने अंधार पडल्यावर गाडी चालवू नये."
आता हे त्याला कोण सांगणार? मी सांगते म्हटलं. बाईंनी नाव दिलं की उद्या तोंडावर सांगणार. वाईट वाटेल म्हणून गप्प बसायचं की काय?

१० मार्च
जेवता जेवता दादा म्हणाला, "काल तुमच्या बाईंनी मला परत बसवलं गं. आधी नापास झालो होतो का?"
आई हसली. काल परत बसवलेला एकच, पाच नंबर. पंधरा वर्षं तो संध्याकाळची बस चालवतोय. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.
तो गणवेश चढवून निघाला तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. "दादा, आज जाऊ नकोस," एवढंच म्हणता आलं.