फोन नंबरचा रकाना

क्लेमेंटी, सिंगापूर
४ मे २००३

प्रिय उल्हास,

तुझं पोस्टकार्ड पोचलं. मिक्सर घरातून काढून टाकल्याची बातमी तू अशा थाटात दिली आहेस की वाटावं, एखादा गडच सर केलास. अभिनंदन. फक्त एक शंका आहे. साधी राहणी नवऱ्याची आणि पाटा-वरवंटा रुपालीचा, ही वाटणी कुठल्या शास्त्रात सांगितली आहे? बाबांनी आपल्या दोघांना एकाच पाटावर बसवून संस्कृत शिकवलं, पण मला तरी असं सूत्र आठवत नाही.

आता माझी बातमी. घाबरू नकोस आणि हे पत्र चिमट्यात धरून वाचू नकोस. मी सहा दिवस घरात कोंडलेली आहे. सार्सच्या साथीबद्दल मिरजेत वाचलं असशीलच. आमच्या ग्रंथालयातली एक सहकारी तापाने रुग्णालयात गेली आणि तिच्या शेजारच्या टेबलावर बसण्याच्या गुन्ह्याबद्दल मला दहा दिवस उंबरा ओलांडायची बंदी झाली. मला ताप नाही, खोकला नाही. आहे तो नुसता वैताग, आणि तो मोजायचं यंत्र सरकारला अजून सापडलेलं नाही.

बाकी सगळं मोजतात. हुकूम घेऊन एक बाई आल्या, मास्क लावून. वयाने माझ्याच बरोबरीच्या, पण मला आंटी म्हणत होत्या. त्यांच्याबरोबरच्या माणसाने फोनला एक कॅमेरा जोडून दिला. दिवसातून तीनदा फोन वाजतो. वाजला की कॅमेरा चालू करायचा, त्याच्यापुढे उभं राहायचं, तोंडातला थर्मामीटर काढून आकडा दाखवायचा. मुंजीनंतर महिन्याभरात तू संध्या सोडलीस, मला तर कुणी करूच दिली नाही. पन्नाशीनंतर ती अशी त्रिकाळ करावी लागेल हे कुणाच्या पत्रिकेत असतं? हजेरी चुकवली तर मनगटावर इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधतात म्हणे. लग्नातलं कंकण चुकवलं, आता हे तरी चुकवावं म्हणून मी पहिल्या घंटेला धावते.

तू म्हणशील, बघ, हेच सांगत होतो मी. थांब. इथलं सरकार लोकांना हसा म्हणून सांगतं, संडासात पाणी टाका म्हणून सांगतं, मुलं होऊ द्या म्हणूनही सांगतं. दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण हातात थर्मामीटर दिला तेव्हा मी तो मुकाट्याने सकाळ-संध्याकाळ लावू लागलेच की. आपल्याकडे कुणाला तिडीकही जात नाही आणि कुणी काही लावतही नाही. आणि मिक्सर फेकून यंत्रयुग संपत नाही रे. तुझं ते पोस्टकार्ड काय हंसाने आणून दिलं?

माझ्याकडे एका खोलीत स्मिता राहते, विद्यापीठात संशोधन करते. सुदैवाने ती त्या आठवड्यात हौगांगला मैत्रिणीकडे होती, म्हणून सुटली. ती रोज दाराबाहेर भाजी ठेवते आणि लिफ्टजवळून ओरडते, “अरुणाताई, आज दोडका आहे, नाक मुरडू नका!” सहा दिवसांत ऐकलेलं मराठी एवढंच. मी तिला चांगली पुस्तकी शिवी हासडते, तिला ती कळत नाही, दोघींचं समाधान होतं. हे पत्रही तीच टाकणार आहे. हवं तर दिवसभर उन्हात ठेव.

या सगळ्या वैतागाचं मूळ मात्र त्या हुकुमाबरोबरच्या एका फॉर्ममध्ये आहे. त्यात एक रकाना आहे: माझं काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं? नाव, नातं, फोन नंबर. नाव तुझं लिहिलं. नातं, भाऊ. नंबर मी धडाधड सांगून टाकला, आपला मिरजेचा जुना, पाच आकडी. पाठच आहे तो मला. दुसऱ्या दिवशी त्याच बाईंचा फोन. “आंटी, धिस नंबर नो हॅव.” मग लक्षात आलं, चार वर्षं झाली तू तो परत करून. म्हटलं, माझा भाऊ साध्या राहणीचा आहे, फोन ठेवत नाही. त्या म्हणाल्या, “एव्हरीबडी हॅव फोन लाह.” लाह म्हणजे आपलं ‘की हो’. तुझ्या शेजारच्या वाण्याचा नंबर द्यावा, तर नात्यापुढे काय लिहू, किराणा? बाईंनी रकाना कोरा ठेवला. रोज सकाळी विचारतात, “ब्रदर गॉट फोन ऑर नॉट?” मी रोज नाही म्हणते.

पहिल्या दिवशी कॅमेऱ्यापुढे उभी राहिले, तेव्हाचं सांगते. पलीकडून एक नर्स विचारत होती, आज कसं वाटतंय? फार गोड विचारत होती. मी चाळीस वर्षं इंग्रजी बोलते आहे. तोंडातून अक्षर फुटेना. समोर माणूस नाही, काळी काच. तिला काय सांगायचं, की रात्रभर बाबा आठवत होते? “आंटी, कॅन हिअर ऑर नॉट?” मी नुसता आकडा दाखवला आणि फोन ठेवला. तेव्हा मला तू आठवलास.

चार वर्षांपूर्वीचा तो शनिवार. मी ग्रंथालयातल्या लोकांबरोबर समुद्रावर सहलीला गेले होते. घरी नवीकोरी आन्सरिंग मशीन होती, तिच्यावर माझाच आवाज, इंग्रजीत, ऑफिसचा: घरी नाही, बीप वाजल्यावर निरोप ठेवा. संध्याकाळी परतले तर सात निरोप. पहिले तीन ऐकले, तिन्ही रिकामे. राँग नंबर समजून मशीन बंद केली आणि आंघोळीला गेले. बाबा दुपारीच गेले होते. तेराव्याला सगळ्यांदेखत मी तुला म्हणाले, एवढा शिकलेला माणूस, यंत्राला दोन शब्द सांगता येऊ नयेत? पुढच्या आठवड्यात तू फोन परत केलास. तुझी साधी राहणी तिथून सुरू झाली, उल्हास. त्याआधी तू गल्लीतले रेडिओ उघडून दुरुस्त करणारा माणूस होतास. हे मला माहीत होतं. तरी चार वर्षं मी तुझ्या तत्त्वांची थट्टा करत राहिले, कारण ती तत्त्वं आहेत असं धरलं की मला सोपं जात होतं.

परवा कपाट आवरताना ती मशीन सापडली, टेप आतच होती. कोंडलेल्या माणसाला दुसरं काम नसतं. या वेळी सातही निरोप ऐकले. सहांत तुझा श्वास आहे. सातव्यात मागून बाबा विचारतात, “लागला का रे? काय म्हणते?” आणि तू रिसीव्हर खाली न ठेवता म्हणतोस, “बरी आहे म्हणते, बाबा. निघालीच म्हणते.” मग बाबा “बरं” म्हणतात, आणि बीप. मी तुला ज्या दोन शब्दांवरून बोलले, ते तू बोलला होतास. यंत्राशी नाही, बाबांशी, माझ्या वतीने. त्यासाठी हे पत्र. माझं चुकलं. ती टेप तुझीच आहे. हवी असेल तर घेऊन येईन, नको असेल तर माझ्याजवळ राहील. मशीन मी पुन्हा कपाटात टाकली आहे. आता फोन वाजला तर मीच उचलते. मिक्सर आणू नकोस, पंखाही विकून टाक, पण फोन घे. माझ्याबद्दल कुणी विचारलं तर उत्तर देणारा तूच आहेस, आणि इथल्या बाई उद्या सकाळी पुन्हा विचारणार आहेत.

तुझीच,
अरुणाताई