हेजमधली तार

ती. दादास,

धाकट्याचा नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? खुर्चीत बसून दुखत असेल तर मधून मधून उभा राहत जा. (उन्हात उभं राहून दुखायची तेव्हा बसायला सांगणारं कोणी नव्हतं, ते सोड.) वहिनींना नमस्कार. इथे आम्ही सगळे बरे आहोत आणि मशीन तर आमच्यापेक्षा बरं आहे.

बागांचा धंदा सोडून तू मशीनच्या दुकानात विक्रीला बसलास आणि जाताना हे हेज ट्रिमर माझ्या गळ्यात मारलंस. म्हणालास, जपलंस तर तुझ्यानंतरही चालेल. जपलं बाबा. काम संपलं की पात्यांवरचा चीक रॉकेलच्या फडक्याने पुसतो, तेल सोडतो, दात्यांवर कानस एकाच दिशेने फिरवतो (उलट फिरली की तू टपली मारायचास, ती जागा अजून दुखते), मग पात्यांवर कव्हर चढवून भिंतीला टांगतो. तुझी भावजय विचारते, माझे गुडघे कुरकुरतात तेव्हा ही तेलाची बाटली कुठे असते? इतरांची स्वस्तातली मशीनं वर्षभरात भंगारात जातात, त्या निमित्ताने त्यांना चार दिवस सुट्टी तरी मिळते. आपलं पहिल्याच ओढीला सुरू होतं. कधी कधी वाटतं, मेल्या, एकदा तरी आजारी पड.

तर मागच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या पुढच्या बागेत गेलो. वर्षाच्या करारावरचं हे एकच मोठं काम, त्यावरच आमची चूल पेटते, हे तुला सांगायला नको. मागे सुपरवायझर बाई छत्री घेऊन उभ्या. (तूच त्यांचं नाव छत्रीबाई ठेवलंस, आणि तोंड आवरायचं काम मला लागलं.) दरवाजाच्या उजव्या अंगाच्या झुडपांच्या कुंपणात या वेळी जरा खोल मशीन घातलं आणि आतून असा आवाज आला की ओपीडीतले पेशंट आपापलं दुखणं विसरून खिडकीशी जमले. माझे हात कोपरापर्यंत बधिर झाले. फांद्या बाजूला करून बघतो तर तार. जाड, गंज न चढणारी आणि उलटा पीळ देऊन आवळलेली. असा पीळ डावखुराच देतो, आणि त्या बागेत आपल्या घरचा एकच डावखुरा राबलाय. वाऱ्याने कललेली झाडं सावरायला सगळं जग सुतळी बांधतं, ती आपली आपण कुजून गळते. तुला टिकाऊपणाचं वेड. बांधलीस तर बांधलीस, निदान जाताना एका शब्दाने सांगायचंस.

दोन्ही पात्यांचे मधले दाते मोडले. तिथेच थांबायला हवं होतं, पण अर्धी भादरलेली हेज दारात सोडून यायचं कसं, म्हणून तसंच रेटलं. मोडक्या दात्यांनी पानं कापली जात नाहीत, चावली जातात. दोन दिवसांत सगळी टोकं तपकिरी पडली. आता हॉस्पिटलच्या दारात ती हेज अशी उभी आहे की धडधाकट माणसाचाही धीर सुटावा.

बाईंनी बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्तच भीती वाटली. म्हणाल्या, "तार कोणी बांधली तेवढं सांगा, मग कराराचं बघू." तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं.

तू तिथे गिऱ्हाइकाला पात्याच्या टिकाऊपणावर व्याख्यान देत असशील. देताना मधेच माझी आठवण काढ आणि थोडी लाज वाटली तर वाटू दे. राग आलाय, लपवत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. तार मीच बांधली असं सांगितलं. तुमच्या दुकानाचा माल त्या हॉस्पिटलात जातो. तुझं नाव निघालं असतं तर तुझीही खुर्ची गेली असती. उपकार वगैरे मानू नकोस, मला अजून राग येईल.

पुन्हा ता. क. करार गेला. तुझ्या भावजयीला अजून बोललो नाही. फोन केलास तर तोंड सांभाळ.

आणि शेवटचं. तुमच्या दुकानात मागच्या खोलीत पात्यांना धार लावायला माणूस ठेवणार आहेत असं कळलं. मालकांच्या कानावर घालून बघ. भाऊ आहे म्हणून सांगायची गरज नाही. चारचौघांत मी तुला साहेब म्हणेन.